डग्गा घुमतो, षड्ज हरवतो

घरच्या स्पीकरवर विलंबित ख्याल लावलेला आहे. तबलजी 'धा' वाजवून डग्ग्यावर मनगट सरकवतो, सूर खालून वर चढायला लागतो आणि चढता चढता मधल्याच एका जागी असा फुगतो की पोटात धक्का बसावा. पुढच्या क्षणी सगळं पुन्हा जागेवर. पुढच्या आवर्तनात, त्याच जागी, पुन्हा तेच. आत्या आमच्याकडे आली होती तेव्हा दहा मिनिटं ऐकून म्हणाली, "अरे, याचा डग्गा मध्येच कुणीतरी ढकलल्यासारखा का वाटतो?" तिने आयुष्यभर गाणं ऐकलंय. तिच्या कानाला जे खटकलं ते मी दोन वर्षं स्पीकरचा दोष समजत होतो.

तुमच्याकडे असंच होत असेल, किंवा याच्या उलट, म्हणजे गायकाचा आवाज काही सुरांवर पातळ पडत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आमची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर. सिमेंटच्या भिंती, खाली टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. फ्लॅटमधली नेहमीची खोली.

मी आधी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून अँप, म्हणजे अँप्लिफायर, बदलला. मग जाड वायर घेतली. मग स्पीकर विकून दुसरे आणले. नव्या स्पीकरचा आवाज वेगळा होता, स्वच्छ होता, पण डग्गा फुगायचा तो बरोबर त्याच सुरावर. इथेच मला उमगायला हवं होतं. यंत्र बदलूनही दोष त्याच सुरावर येत असेल तर तो यंत्रातला नसतो, खोलीतला असतो. खिशात हात घालण्याआधी एवढी एक तपासणी करा. मित्राचे स्पीकर एका संध्याकाळपुरते आणा, आपल्या स्पीकरच्या जागीच ठेवा आणि तीच चीज लावा.

खोलीच्या आधी वायर मात्र जरूर पाहा. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर हलवले जातात आणि परत लावताना एकाच्या लाल-काळ्या वायरची अदलाबदल होते. मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खालचे सूर एकमेकांना खातात आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते कळेनासं होतं. हे पकडायला जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारं, ध्वनिमुद्रण सगळ्यात चांगलं. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या १९५८ मध्ये. त्याआधीची ७८ च्या तबकड्यांवरची नाट्यपदं मोनोच आहेत. असं एखादं पद लावा. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून, एका माणसाच्या तोंडातून आल्यासारखा यायला हवा. तो डोक्याभोवती पसरला असेल तर एका स्पीकरची वायर उलटी आहे.

आता खोली. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर नेमकी बसते, तो सूर त्या भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. तो शोधायला गणित सोपं आहे: ५६५ ला भिंतींमधल्या फुटांनी भागा. आमच्या १२ फुटांना ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपनं) येतात, १० फुटांना ५७ आणि साडेनऊ फुटांना ६० च्या जवळ. या प्रत्येकाची दुप्पटही घुमते, म्हणजे लांबीचे ४७ आणि ९४. तुमची खोली १० बाय १० असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून ५७ येतात, छतही त्यांच्या जवळच जातं, आणि सगळा घुमार एकाच जागी साचतो. चौरस खोली त्यामुळेच सगळ्यात त्रास देते.

गणित पटत नसेल तर कानाने करा. मोबाइलवर कुठलंही टोन वाजवणारं ॲप घ्या, अँपला जोडा, आवाज बेताचा ठेवा आणि ४० पासून १५० पर्यंत दोन-दोन हर्ट्झने चढत जा. आमच्याकडे ९० पर्यंत सगळं ठीक होतं. ९४ ला शोकेसमधल्या कपबश्या किणकिणायला लागल्या, जागेवर बसलेल्या मला कानात दडा बसल्यासारखं झालं. ९८ ला पुन्हा शांत. मग तो ९४ चा टोन तसाच चालू ठेवून मी उठलो आणि खोलीत हळूहळू चालत गेलो. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. मागच्या भिंतीला कान लावला तर आवाज भरभरून. तीन फूट पुढे आलो आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. आणखी तीन फूट, खोलीच्या मधोमध, पुन्हा तितकाच मोठा. स्पीकर तेच, टोन तोच, आणि तीन पावलांत ऐकू येणारा आवाज पार वेगळा.

कारण असं. लांबीत घुमणाऱ्या ४७ हर्ट्झचा जोर दोन्ही टोकांच्या भिंतींशी सगळ्यात जास्त असतो आणि मधोमध शून्यावर येतो. ९४ चा जोर भिंतींशी आणि मधोमध, आणि शून्य खोलीच्या एक चतुर्थांश अंतरावर. आमची बैठक, गादी आणि लोड, मागच्या भिंतीला चिकटून होती. म्हणजे ४७ आणि ९४ दोन्ही जिथे सगळ्यात जोरात असतात, नेमकी तीच जागा. डग्ग्याचा चढता सूर ९४ वरून गेला की खोली त्याला उचलून धरायची. रुंदीच्या ५७ चा मला त्रास का झाला नाही? कारण दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधल्या रेषेत बसलं की रुंदीच्या लहरीचा शून्य कानाशीच येतो. मधल्या रेषेत बसण्याचा हा फायदा कुणी सांगत नाही.

म्हणून पहिला उपाय, आणि फुकटचा: बसायची जागा भिंतीपासून पुढे आणा. खोलीच्या लांबीचा चौथा हिस्सा ते साधारण ३८ टक्के या पट्ट्यात कुठेतरी तुमची जागा असते. १२ फुटांत ते ३ ते साडेचार फूट झाले. मधोमध, ६ फुटांवर, बसू नका. तिथे ४७ गायब होतो आणि ९४ परत येतो. आमच्याकडे ३ फुटांवर प्रश्न सुटला, कारण आमचं दुखणं ९४ चं होतं. तुमचं ४७ चं असेल तर आणखी पुढे सरकावं लागेल. सहा-सहा इंचांनी सरकवा, प्रत्येक जागी तेच एक आवर्तन ऐका.

घरात याला विरोध होतो. आईने स्पष्ट विचारलं, "टेकायला भिंत नसेल तर बैठक कशाला म्हणायचं?" तिचं बरोबरच होतं, पाठ दुखते. मग सुताराकडून बैठकीच्या मागे बसेल अशी अडीच फूट उंचीची पुस्तकांची मांडणी करून घेतली. लोड तिला टेकतो, मागे भिंतीपर्यंत दीड-दोन फूट जागा राहते, तिथे इस्त्रीचं टेबल आणि घडीच्या खुर्च्या गेल्या. पुस्तकं कमी-जास्त जाडीची असल्यामुळे मागून परतणारा वरच्या सुरांचा आवाजही थोडा विखुरतो.

आता दुसरं दुखणं, षड्ज म्हणजे 'सा' हरवण्याचं. याला मी स्वतःच कारणीभूत होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून मी स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले होते. घुमार किंचित कमी झाला, पण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा 'सा') गाणाऱ्या गायकाचा षड्ज पातळ झाला. पंचम भरीव, निषाद भरीव, आणि षड्जावर येऊन ठेपलं की आवाजातला गाभाच निघून गेल्यासारखा. वरचे स्वरांश ऐकू येत होते म्हणून सूर कळत होता, पण ज्या सुरावर सगळं उभं राहतं तोच पोकळ. हे ऐकायला घुमारापेक्षाही वाईट.

इथेही फुटांचंच गणित आहे. वूफरमधून, म्हणजे स्पीकरच्या मोठ्या पडद्यातून, निघालेला खालचा सूर पुढे जातो तसा मागेही जातो, स्पीकरमागच्या भिंतीवर आपटतो आणि परत येऊन पुढच्या आवाजात मिसळतो. ज्या सुराच्या लहरीचा पाव भाग वूफर-भिंत अंतराएवढा असतो, तो सूर परत येईपर्यंत नेमका उलटा झालेला असतो आणि मूळ सुराला खातो. ११३० ला अंतराच्या चौपटीने भागा. २ फुटांना १४१ हर्ट्झ येतात. आणि काळी एकचा मध्य षड्ज असतो सुमारे १३९ वर. हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी दिसले तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

त्यात भर अशी की वूफर जमिनीपासूनही २ फूट उंच होता आणि बाजूच्या भिंतीपासूनही जवळपास २ फूट. जमीन, मागची भिंत, बाजूची भिंत, तिन्ही मिळून एकाच सुराला खात होत्या. ही अंतरं कधीही सारखी ठेवू नयेत. शेवटी मी वूफरच्या तोंडापासून मागची भिंत १४ इंच, बाजूची २१ इंच आणि जमीन २४ इंच असं केलं. तिन्हींमुळे आवाजात पडणारे खड्डे वेगवेगळ्या सुरांवर गेले, म्हणून एकही खोल राहिला नाही. मागच्या भिंतीचा खड्डा आता २४० च्या वर आहे, आणि तेवढ्या वरच्या सुराला स्पीकरमागे उभी केलेली कापसाची गादी शोषू शकते. खड्डा आधी वर ढकलायचा आणि मग कापसाने भरायचा, असा हा डाव.

हो, कापूस. आपल्याकडे घरांसाठी आवाज शोषणारा गालिचा, आवाज शोषणारा पडदा, फोमचे खवलेदार तुकडे असं बरंच काही विकलं जातं. एक इंची फोम भिंतभर चिकटवला तर टाळीचा प्रतिध्वनी जातो, ५०-१०० हर्ट्झला मात्र काहीही होत नाही. ५७ हर्ट्झच्या लहरीचा पाव भागच पाच फूट भरतो. तिला एक इंच स्पंज काय अडवणार? अंड्यांच्या ट्रेंचं तर नावच नको. आणि नुकसान असं होतं की वरचे सूर मरतात, खालचे तसेच राहतात, सगळी खोली मळकट वाटायला लागते. याची परीक्षा तानपुऱ्यावर घ्या. जवारीचा तो बारीक सोनेरी रेशमासारखा झगमगाट ऐकू येतोय का? फोम लावल्यावर तो विझला असेल तर अर्धा फोम त्याच दिवशी काढून टाका.

परदेशी सल्ला आपल्याकडे तसाच्या तसा लागू होत नाही, याचंही कारण भिंतीत आहे. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या खालच्या सुरांबरोबर थोड्या हलतात आणि तेवढा आवाज गिळतात. आपली वीट आणि काँक्रीट हलत नाही. जेवढा खालचा सूर भिंतीवर जातो तेवढा जवळजवळ सगळा परत येतो. म्हणून तिकडचा माणूस "कोपऱ्यात दोन पॅनल लावा, झालं" म्हणतो आणि आपल्याकडे त्याने भागत नाही. उलट दार उघडं ठेवून पाहा. आमच्याकडे स्वयंपाकघराकडचं दार उघडं असलं की घुमार ऐकू येण्याइतका कमी होतो. खालच्या सुराला बाहेर जायला वाट मिळते.

मी समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत, स्पीकरच्या मागे, जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. पिंजून नव्याने भरलेल्या, चार इंच जाडीच्या, वर खादीचं कापड. त्या भिंतीला चिकटवू नका, दोन इंच अंतर सोडा. त्या फटीमुळे गादी आणखी खालच्या सुरांवर काम करते, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली तर गादीला बुरशी लागत नाही. ज्यांना विकत घ्यायचंच आहे त्यांनी ४८ घनतेच्या (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचे, स्लॅब घ्यावेत, दोन-दोन इंचांचे दोन थर, कापडात घट्ट गुंडाळून. ते हाताळताना मोजे आणि मास्क घाला, त्याचे तंतू टोचतात. ४७ हर्ट्झला यातलं काहीही फारसं हात लावत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे जागाच उपयोगी पडते.

बाजूच्या भिंतीसाठी आरसा वापरा. तुम्ही बैठकीवर बसा, घरातलं कुणीतरी दाढीचा आरसा तुमच्या कानाच्या उंचीवर भिंतीला लावून हळूहळू पुढे सरकवत नेईल. आरशात ज्या जागी तुम्हाला स्पीकरचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) दिसेल, तिथून पहिला परतीचा आवाज येतो. तिथे दोन बाय तीन फुटांची जाड गोधडी किंवा रॉकवूलची चौकट टांगा. दोन्ही बाजूंना सारखीच. आमच्याकडे उजवीकडे नेमकी खिडकीची काच त्या जागी होती. तिथे दुहेरी चुण्यांचा जाड पडदा आहे आणि ऐकताना तो ओढून घेतो. माझ्या आजीची गोधडी डाव्या भिंतीवर आहे, चौकटीत ताणून.

ट्वीटरच्या उंचीत आपल्याकडे हमखास चूक होते. तयार मिळणारे स्टँड खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ३० इंचांच्या आसपास असतो. स्वतःचा टेपने मोजा. ट्वीटर त्याहून सहा-आठ इंच वर राहिला तर झांजेची आणि जवारीची धार बोथट होते. स्टँड कापून घेणं शक्य नसेल तर स्पीकरच्या पुढच्या बाजूच्या खाली रबराचे बूच कमी उंचीचे आणि मागे जास्त उंचीचे ठेवा, म्हणजे तो किंचित खाली वाकून पाहील.

दोन्ही स्पीकर तुमच्या नाकापासून सारख्या अंतरावर हवेत. यासाठी सुतळी घ्या. तिचं एक टोक बैठकीवर कानांच्या मधल्या जागी कुणाला तरी धरायला सांगा, दुसरं ट्वीटरला, गाठ मारा, मग तीच गाठ दुसऱ्या ट्वीटरला टेकते का पाहा. अर्ध्या इंचाचाही फरक काढून टाका. पुस्तकी नियम सांगतो की समभुज त्रिकोण हवा. माझा थोडा लांबट आहे, स्पीकरमध्ये साडेसहा फूट आणि माझ्यापर्यंत सव्वाआठ-साडेआठ. १० फुटी रुंदीत याहून जमत नाही आणि ऐकायला काही कमी वाटत नाही. स्पीकर आत वळवून त्यांची रेषा डोक्याच्या थोडं मागे मिळेल असं केलं की गायक मधोमध घट्ट उभा राहतो.

स्पीकरच्या मागे गोल भोक असेल तर ते पोर्ट. भिंत जवळ असताना त्यात सोबत आलेलं फोमचं बूच, नाहीतर गुंडाळलेला सुती मोजा, घालून पाहा. खालचा भाग थोडा कमी होतो, पण आवरल्यासारखा होतो. मला बूच घातलेला आवाज आवडतो.

एवढं करूनही घुमार उरला तर मग इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय. रूम ईक्यू विझार्ड हा संगणकावरचा मोफत कार्यक्रम आहे. मोजणीचा माइक यूएसबीला लावला की तुमच्या जागेवरचा आलेख तो काढून देतो. आलेखातलं शिखर पाच-सहा डेसिबलने खाली आणा, बिनधास्त. खड्डा मात्र भरायला जाऊ नका. जो सूर भिंतीवरून परतून स्वतःलाच खातोय, तो वाढवला की खाणाराही तेवढाच वाढतो. दहा डेसिबल वाढवायला अँपला दहापट वॉट द्यावे लागतात. खड्डा तिथेच राहतो आणि वूफर फाटतो.

काही वाजत नसताना स्पीकरमधून सलग गुणगुण येत असेल तर तो खोलीचा दोष नाही, विजेच्या ५० हर्ट्झचा आहे. एकेक वायर काढत जा. पुष्कळदा सेट-टॉप बॉक्सची केबल किंवा लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबते. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेऊन पाहा. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून गुणगुण थांबवणारे लोक मी पाहिलेत. तसं अजिबात करू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

हे सगळं दरवर्षी परत का करावं लागतं? कारण फरशी पुसताना स्टँड सरकतो, पडदे धुवायला जातात, पाहुण्यांसाठी बैठक पुन्हा भिंतीला लागते, आणि चार इंचांनी डग्गा परत फुगतो. आमच्या टाइल्स २ बाय २ फुटांच्या आहेत, म्हणजे जमिनीवर आलेखाचा कागद आयताच अंथरलेला आहे. प्रत्येक स्टँडच्या चार कोपऱ्यांशी आणि बैठकीच्या पुढच्या कडेला मी बारीक रंगीत टेपच्या खुणा केल्यात. टेप फरशी पुसताना निघते, म्हणून शोकेसच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदही लावलाय: मागची भिंत १४, बाजू २१, वूफर २४, ट्वीटर ३०, बैठक ३६, सगळे इंच, लाल वायर लाल खुंटीला, गाद्या भिंतीपासून दोन इंच, ऐकताना उजवा पडदा बंद, स्वयंपाकघराचं दार उघडं.